राजाचं सव्यापसव्य

निवृत्तीनंतर माणसाला काही ना काही होतंच, हे सुनंदाबाई चौबळांनी आधीपासून धरून ठेवलं होतं. समोरच्या बिल्डिंगमधल्या एकाला मधुमेह झाला, खालच्या मजल्यावरच्या दुसऱ्याला अध्यात्म झालं. त्यांच्या नवऱ्याला, श्यामकांतांना, चित्रकला झाली. तीही साधी, कागदावरची नाही. त्यांची मुलगी नेत्रा हैदराबादहून दिवाळीला मुलुंडला आली, तेव्हा तिने आपला जुना टॅब्लेट आणि त्याचं पेन बरोबर आणलं, आणि "बाबा, नुसता पेपर वाचत बसू नका हो" असं म्हणून ते वडिलांच्या हातात ठेवलं. नेत्रा चार दिवसांनी परत गेली. टॅब्लेट राहिला. सुनंदाबाईंच्या मते लेकीने घरात सवत आणून ठेवली ती तेव्हा.

खरं तर रेषेशी श्यामकांतांची ओळख जुनी. विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून ते लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. कपाटाच्या बिजागरीपासून क्रेनच्या हुकापर्यंत असंख्य गोष्टी त्यांनी काढल्या, आधी टी-स्क्वेअर लावून आणि नंतर कॉम्प्युटरवर. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असायची. 'मंजूर' या शब्दापुढे मॅनेजरचं अख्खं नाव, 'तपासलं' या शब्दापुढे इंजिनिअरची झोकदार सही, आणि 'काढलं' या शब्दापुढे तीन अक्षरं, एस.जी.सी. ज्याने काढलं त्याचं नाव सर्वांत लहान, आणि चूक निघाली की बोलावणं मात्र पहिलं त्यालाच. श्यामकांतांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. ते तक्रार करणाऱ्यांपैकी नव्हते. ते मनात ठेवणाऱ्यांपैकी होते, आणि मनात ठेवणारी माणसं जास्त अवघड असतात.

तर हा माणूस रोज सकाळी दूध तापवून झालं की बाल्कनीत खुर्ची टाकून टॅब्लेटवर चित्रं गिरवायला लागला. पहिले काही महिने वाट लागली. हाताला सरळ रेषेची सवय, आणि निसर्गात सरळ रेष शोधून सापडत नाही. भांडुपच्या पंपिंग स्टेशनच्या रस्त्याने खाडीकडे जाऊन त्यांनी फ्लेमिंगो काढले, ते नळाच्या तोट्यांसारखे दिसत. तिवरांची मुळं काढली, ती पाइपलाइनसारखी. झाडाला माप नसतं, हे पचायला त्यांना बराच वेळ लागला. पण चिकाटी दांडगी. इंटरनेटवर शिकवणारी पोरंटोरं जे सांगतील ते ते निमूटपणे करत. रंगाचे थर वेगवेगळे ठेवायचे, त्यांना लेयर म्हणायचं. आधी मोठा ब्रश, मग लहान. आधी उजेड कुठून येतोय ते ठरवायचं आणि मग बाकीचं. हळूहळू चिखल चिखलासारखा दिसू लागला, आणि एके दिवशी सुनंदाबाई मागून येऊन म्हणाल्या, "अय्या, खंड्या!" त्या दिवशी श्यामकांत दुपारचे झोपले नाहीत.

निसर्ग जमू लागल्यावर त्यांना इतिहासाची ओढ लागली. त्याला कारण पुन्हा नेत्राच. तिने फोनवर सांगितलं, की सिनेमात आणि गेममध्ये आता कुठेच नसलेली जागा कशी दिसत असेल ते आधी एक माणूस नुसतं काढून बघतो, त्याला कॉन्सेप्ट स्केच म्हणतात. श्यामकांतांना हा शब्द इतका आवडला, की त्यांनी तडक हजार वर्षांपूर्वीचं मुलुंड काढायला घेतलं. ठाण्याला श्रीस्थानक म्हणत आणि उत्तर कोकणात शिलाहार राजे राज्य करत, तेव्हाचं. चेकनाका आहे तिथे घनदाट रान. हायवेच्या पलीकडे खाडी, खाडीत गलबतं. मंडईत जातानाही त्यांचं तेच चाले. "सुनंदा, भरतीचं पाणी इथपर्यंत येत असणार बघ."

"येऊ दे. तोवर कोथिंबीर घ्या," सुनंदाबाई म्हणत.

या शिकण्यात त्यांच्या हाताला एक खोड लागली होती, ती आत्ताच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच उभं आहे. टॅब्लेटवर एक बटण दाबलं की चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं होतं. डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. आपल्याच चुकांना आपला डोळा सरावलेला असतो, पण चित्र असं फिरवलं की वाकडं नाक आणि कलंडलेलं झाड लगेच कळतं. श्यामकांत तर चुका शोधण्यावरच पोसलेले. ते पाच रेघा मारत आणि चित्र फिरवत, पुन्हा पाच रेघा, पुन्हा फिरवत. बघणाऱ्याला चक्कर यावी.

"किती ते सव्यापसव्य करायचं माणसाने एका चित्रासाठी!" सुनंदाबाई म्हणायच्या. श्राद्धाला बसलेल्या माणसाला गुरुजी सारखं 'सव्य करा, अपसव्य करा' सांगत जानवं या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायला लावतात, तसं यांचं चाललंय, असं त्यांना म्हणायचं असे. अर्थात तेव्हा त्या नुसतंच म्हणत होत्या.

मुलुंड पूर्वेला एक जुनं वाचनालय आहे. त्याचं नूतनीकरण निघालं. आत शिरताच छोटी मोकळी जागा, मग काचेची मोठी भिंत आणि तिच्या पलीकडे वाचनकक्ष, अशी नवी रचना ठरली. कार्यवाह देवव्रत हा चाळिशीचा उत्साही गृहस्थ. काचेच्या मध्यभागी काहीतरी आपल्या भागाच्या इतिहासाचं असावं, असं त्याच्या मनात होतं. त्याने श्यामकांतांची चित्रं कुणाच्या तरी फोनवर पाहिली आणि एका संध्याकाळी तो चौबळांच्या घरी येऊन थडकला.

"काका, एक चित्र द्या आपल्याला. मोठ्ठं लावू. खाली तुमचं नाव."

शेवटची तीन अक्षरं... नव्हे, शेवटचे दोन शब्द श्यामकांतांनी नीट ऐकले. चहा निवला तरी ते ऐकतच होते.

त्यांनी चित्र निवडलं ते असं. खाडीकाठी एक शिलाहार राजा दान देतो आहे. कोणता राजा, हे त्यांनी नक्की केलं नव्हतं, उगाच कुणी वाद घालायला नको. राजा उघड्या अंगाने, गळ्यात कंठा, छातीवर जानवं, दोन्ही हातांत झारी धरून समोरच्या माणसाच्या ओंजळीत दानाचं पाणी सोडतो आहे. मागे भरतीचं पाणी, दोन्ही बाजूंना तिवरं, वर बगळ्यांची रांग. आणि खाली कोपऱ्यात एक उभा दगड, गधेगळ. जुन्या काळी दान दिलं, की जो कुणी ते मोडेल त्याच्यासाठी अशा दगडावर गाढवाची एक अत्यंत अश्लील शिवी चित्रासकट कोरून ठेवत. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव. असले दगड आजही आपल्या भागात सापडतात. श्यामकांतांनी तो इमानदारीने, सगळ्या तपशिलांसह काढला होता.

पंधरवड्याने देवव्रत चित्र बघायला आला. "झकास, काका! एक नंबर! फक्त... ते खाली गाढव नेमकं काय करतंय?"

श्यामकांतांनी इतिहासकाराच्या गांभीर्याने सांगितलं.

"काका, आपल्याकडे बालविभाग आहे."

बरीच बोलणी झाली. श्यामकांतांचं म्हणणं, इतिहास आहे तसा दाखवावा. देवव्रतचं म्हणणं, दाखवावा, पण बालविभाग आहे. शेवटी गाढव गेलं. त्याच्या जागी श्यामकांतांनी अळूची पानं भरली आणि मधल्या लेखाच्या जागी, चंद्र-सूर्याच्या खाली, दगडात कोरल्यासारखी अक्षरं काढून आपलं नाव लिहिलं. श्यामकांत गजानन चौबळ. आद्याक्षरं नव्हेत. अख्खं, वडिलांसकट. लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि ते वाचलं. मग सगळे लेयर एकत्र करून फाइल देवव्रतला पाठवली आणि देवव्रतने ती घाटकोपरच्या निमेशकडे.

निमेशचं छपाईचं दुकान. त्याने चित्र पारदर्शक फिल्मवर छापलं आणि जाड, स्वच्छ ॲक्रिलिकच्या तक्त्यावर चढवलं. "पाठी पांढरा बेस नाय टाकला," त्याने फोनवर सांगितलं. "लाइट आरपार जाईल. दोन्ही साइडने दिसेल, काका, एकदम झकास." उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, तक्ता काचेच्या भिंतीच्या मधल्या मोकळ्या चौकटीत चार स्क्रूंवर बसला. श्यामकांतांनी विक्रोळीच्या ड्रॉइंग ऑफिसातल्या जुन्या मित्रांना फोन केले. उद्या या, म्हणाले. का या, ते सांगितलं नाही. येऊन बघतीलच.

दुपारी ते सुनंदाबाईंना घेऊन वाचनालयात गेले. काचेतून ऊन येत होतं आणि खाडीचं पाणी खरोखरच चमकत होतं. सुनंदाबाई बराच वेळ बघत राहिल्या. बायको इतका वेळ गप्प राहिली, म्हणजे भारावली, असा अंदाज श्यामकांतांनी केला. इतक्या वर्षांच्या संसारानंतर हा अंदाज चुकायला नको होता.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "नावही मस्त दिसतंय. पण अहो, हा राजा दान देतोय ना?"

"हो. का?"

"मग जानवं अपसव्य का केलंय त्याने? कोणाचं श्राद्ध घातलंय?"

श्यामकांतांनी पाहिलं. जानवं राजाच्या उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे आलं होतं. शुभकार्यात ते डाव्या खांद्यावर असतं. उजव्यावर येतं ते फक्त पितरांच्या कार्यात. म्हणजे चित्रातला राजा हजार वर्षं टिकेल असं दान देत नव्हता, तर कुणा मेलेल्या माणसाला पाणी देत होता.

"तुमच्या लक्षात तरी कसं येणार?" सुनंदाबाई हसत म्हणाल्या. "वर्षातून एकदा कपाटातून काढून घालता, तेही मामंजींच्या श्राद्धाला. तुम्हाला जानवं म्हणजे असंच दिसतं."

हे इतकं खरं होतं, की श्यामकांतांना हसू आलं नाही.

त्यांनी पहिला संशय घेतला तो अर्थातच छापणाऱ्यावर. कारखान्यातला हा रिवाज त्यांना पाठ होता. चूक सापडली, की ती आपल्या टेबलावरून आधी दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायची. रिक्षा करून ते घाटकोपरला गेले आणि दुकानात शिरता शिरता म्हणाले, "निमेश, तू चित्र उलटं छापलंस."

निमेश मशीनवर होता. तिथूनच तो म्हणाला, "काका, जशी फाइल आली तशी मारली. मी काय इकडचा तिकडे नाय केला."

"उलटं आहे. राजाचं जानवं बघ."

निमेशने हात पुसले आणि कॉम्प्युटरवर फाइल उघडली. जानव्याचं त्याला काही कळलं नाही, पण त्याने चित्र मोठं करत करत थेट कोपऱ्यातल्या दगडावर आणलं. "नाव वाचा ना, काका. मी उलटा मारला असता, तर नाव पण उलटा आला असता ना?"

श्यामकांत गजानन चौबळ. सुलटं, स्वच्छ, दगडात कोरलेलं.

तेव्हा त्यांना सगळं उलगडलं. गाढव पुसताना, दगड कलंडला तर नाही ना, हे बघायला त्यांनी सवयीने चित्र फिरवलं होतं. फिरवलेलंच राहिलं. त्यावरच अळू काढलं आणि त्यावरच नाव लिहिलं. नाव लिहिण्याच्या आनंदात राजाकडे पाहिलंच नाही. राजा, खाडी, तिवरं, बगळे, सगळं उलटं होतं आणि अख्ख्या चित्रात सुलटं होतं ते फक्त त्यांचं नाव. तेच आता त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होतं.

"नवीन मारून देऊ," निमेश म्हणाला. माणूस चांगला होता. "पण एवढा जाडा शीट स्टॉकमध्ये नाय. मंगळवारी येईल. तुमचा उद्घाटन उद्या हाय ना?" मग त्याला सुचलं. "अरे काका, तक्ता फिरवून लावा ना! ट्रान्सपरंट हाय. राजा सीधा होऊन जाईल."

"आणि नाव?"

"नाव थोडा उलटा दिसेल. पण नाव कोण वाचतं, काका?"

श्यामकांत रिक्षात बसले. त्यांनी देवव्रतला फोन लावला. देवव्रतच्या मागे मंडपवाल्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"काका, कोणाला कळतंय! सव्य काय नि अपसव्य काय, माझी तर मुंजच नाही झाली. राहू द्या आहे तसं."

"मंगळवारनंतर नवा तक्ता..."

"काका, एकदा उद्घाटन झाल्यावर परत कोण उघडतंय ते? आणि समजा फिरवलंच, तर नावाची एक पट्टी लावू ना खाली. नंतर."

संस्थांमधलं 'नंतर' म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी कुठल्या कमिटीवर काम केलंय त्याला सांगायला नको. श्यामकांतांनी फोन ठेवला.

घरी सुनंदाबाईंना आपण बोलून बसलो याचं वाईट वाटत होतं. त्यांनी चहाबरोबर कोथिंबीरवडी तळली, जी श्यामकांतांना आवडते, आणि समोर बसून म्हणाल्या, "मला मेलीला कुठून दिसलं ते! राहू द्या ना तसंच. इतकी माणसं येणार, त्यातल्या किती जणांच्या अंगावर जानवं आहे आज? आणि ज्यांच्या आहे ते काय चित्रातल्या राजाचं बघत बसणार?"

"मला दिसतं ना."

"तुम्हाला काल दिसत नव्हतं."

"आता दिसतं."

"मग डोळे मिटून उभे रहा!" सुनंदाबाई एकदम चिडल्या. "जन्मभर ती तीन अक्षरं लिहीत आलात. त्या चौकटीत तुमचं नाव कधी मावलं नाही, ते आता या काचेवर आलंय, आणि तुम्ही त्या मेलेल्या राजासाठी ते उलटं करणार? तो येणार आहे का बघायला?"

श्यामकांतांनी वडी खाल्ली. त्यांना नाव हवं होतं. अगदी हावरटासारखं हवं होतं, आणि या वयात ते इतकं हवं असल्याची लाजही वाटत होती. चुकीचा राजा कुणालाही दिसला नसता, हे खरं. पण उलटं नावही कुणी वाचलं नसतं, हेही तितकंच खरं. एक गोष्ट धरली की दुसरी हातची जाणार. त्यांनी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला, पाच मिनिटं इकडून, पाच मिनिटं तिकडून, आणि सुनंदाबाईंनी तेवढ्यात दोनदा विचारलं, की आणखी वड्या तळू का.

रविवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते एकटेच वाचनालयात गेले. शिपाई लहू खुर्च्या मांडत होता. लहू वाचनालयात देवव्रतच्याही आधीपासूनचा, कुणालाही तोंडावर बोलणारा.

"लहू, पाना-स्क्रूड्रायव्हर आहे ना? जरा तक्ता उतरवायचाय."

"आता? चांगला लागलाय की, काका."

"फिरवून लावायचाय."

दोघांनी मिळून चार स्क्रू काढले, तक्ता उचलला, पाठचा पुढे केला आणि पुन्हा बसवला. जड होता, दोघांचीही कंबर धरली. लहू दोन पावलं मागे गेला आणि त्याने डोकं एका बाजूला कलतं करून बघितलं.

"काका, तुमचं नाव उलटं झालं की!"

"राजा सुलटा झाला."

"राजाला काय त्याचं? तो मेलाय." लहूने पाना खिशात टाकला. "तुम्ही अजून आहात."

श्यामकांत यावर हसले. मग म्हणाले, "खुर्च्या मांड."

उद्घाटन ठरल्यापेक्षा उशिराच सुरू झालं, कारण प्रमुख पाहुणे उशिरा आले. हे सोसायट्यांच्या महासंघाचे अध्यक्ष शिवदास, मोठ्या आवाजाचे, दिलदार, आणि आपल्याला सगळं थोडं थोडं कळतं अशी खात्री असलेले गृहस्थ. फीत कापली, नारळ फुटला. वेळ कमी पडला म्हणून देवव्रतने भाषण आवरतं घेतलं आणि आभार एका दमात मानले. काचवाल्यांचे, रंगवाल्यांचे, मंडपवाल्यांचे, घाटकोपरहून आलेल्या निमेशभाईंचे, "आणि आपले चौबळ काका, यांनी चित्रासाठी मोलाचं सहकार्य केलं." सहकार्य! विक्रोळीहून आलेले मित्र श्यामकांतांकडे बघू लागले. त्यांना वाटलं, यांनी तक्ता उचलायला मदत केली असावी. तीही केली होतीच म्हणा.

सुनंदाबाई आल्या तेव्हा गर्दी जमली होती. त्यांनी काचेकडे एकदा बघितलं, नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि त्या बाजूच्या दारातून वाचनकक्षात निघून गेल्या. रागावल्या, असं श्यामकांतांना वाटलं. रागावल्या होत्याच.

भाषणं संपल्यावर शिवदास चित्रापाशी आले. पाठोपाठ सगळे. "वा! काय राजा आहे! काय तेज आहे!" ते म्हणाले, आणि त्यांची नजर खाली दगडावर गेली. ते वाकले. "अरे, हे बघा, खाली लेखसुद्धा काढलाय! मोडी आहे वाटतं."

"मोडी नाही साहेब, मोडी अशी तुटक नसते," कमिटीतले कुणी म्हणाले. "ब्राह्मी असणार. लेण्यांमध्ये असते ना, तशी."

"शिलाहारांच्या वेळी ब्राह्मी? नाही हो."

"मग कानडी. शिलाहार मूळचे तिकडचेच."

"काही म्हणा, अस्सल दिसतंय," शिवदास म्हणाले. त्यांनी फोन काढून फक्त दगडाचा फोटो घेतला. "देवव्रत, कोण आहे रे आपला तज्ज्ञ? काय लिहिलंय ते सांगा तरी आम्हाला."

देवव्रतने श्यामकांतांना पुढे ढकललं. विक्रोळीचे मित्र टाचा उंचावून बघत होते. श्यामकांतांना त्यातलं प्रत्येक अक्षर येत होतं. त्यांनी तोंड उघडलं. आपलं नाव आपणच मोठ्याने वाचून दाखवायचं, तेही असं, हे त्यांच्याने होईना. डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी खोकून लपवलं.

"जुनं आहे," ते कसेबसे म्हणाले. "नीट लागत नाही."

तेवढ्यात काचेवर पलीकडून टकटक झाली. राजाच्या झारीमागे, खाडीच्या पाण्यात, सुनंदाबाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, बोट दगडावर ठेवलेलं.

"श्यामकांत गजानन चौबळ!" त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं. काचेपलीकडूनही तो आवाज सगळ्यांच्या कानात शिरला. "हे चित्र त्यांनी काढलंय. तिकडून काय वाचताय? इकडून या, इकडून नीट लागतं!"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग शिवदास मोठ्याने हसले, "अरे, हे तर चौबळ!" म्हणाले आणि बाजूच्या दाराकडे वळले. त्यांच्या मागे देवव्रत, कमिटी, निमेश, विक्रोळीचे मित्र, हातात खुर्ची तशीच धरलेला लहू. सगळे वाचनकक्षात जाऊन तक्त्यासमोर दाटीने उभे राहिले आणि एकेक जण वाकून नाव वाचू लागला. कुणी मोठ्याने, कुणी ओठातल्या ओठात. मित्रांपैकी एकाने तर दोनदा वाचलं. त्यांच्या डोक्यांच्या वर, चित्रात, अपसव्य केलेला राजा श्राद्धाचं पाणी सोडत होता. त्याच्याकडे एकानेही वर पाहिलं नाही.

सुनंदाबाईंनी काचेतून नवऱ्याला हाताने बोलावलं. श्यामकांतांनी मान हलवली आणि ते अलीकडेच उभे राहिले. इकडून राजा बरोबर दिसत होता.